वरणाच्या पाण्यात ताकद किती? ताटातले पाच गैरसमज



गटाच्या बैठकीत बचत आणि हप्त्यांचा हिशोब आटोपला की बोलणं बाळाच्या वजनावर, कुणाच्या साखरेवर, कुणाच्या कमी रक्तावर येतं. त्यात काही समज हमखास ऐकायला मिळतात. आपलं शरीर आणि आपलं अन्न बऱ्याच अंशी एकाच प्रकारच्या रेणूंचं बनलेलं आहे: प्रथिनं, कर्बोदकं आणि स्निग्ध पदार्थ. शाळेच्या पुस्तकात यांनाच जैवरेणू म्हणतात. त्यांच्याविषयीचे पाच गैरसमज आज बघू.

१. “बाळाला वरणाचं पाणी दिलं की पुरतं.”
पुरत नाही. डाळ शिजली की तिच्यातली बहुतेक प्रथिनं डाळीच्या गाळातच राहतात. वरचं निवळ पाणी म्हणजे चव, थोडे क्षार आणि पुष्कळ पाणी. बाळाचं पोट लहान. ते पाण्यानंच भरलं तर खऱ्या अन्नाला जागा कुठे राहणार? सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधासोबत घोटलेलं घट्ट वरण आणि मऊ भात द्या. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही, एवढं घट्ट.

२. “तेल-तूप वाईटच.”
जास्त वाईट, पण अजिबात नको असंही नाही. एक ग्रॅम भात-भाकरीतल्या कर्बोदकांतून किंवा प्रथिनांतून साधारण ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून ९. म्हणून बाळाच्या वाटीभर जेवणात चमचाभर तेल किंवा तूप घातलं की थोड्या घासात जास्त ताकद जाते. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थांत विरघळतात. पालेभाजीला थोडी फोडणी हवी ती त्यासाठीसुद्धा.

३. “अंडं शिजवलं की त्यातली ताकद मरते.”
प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ, लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळलेली. उष्णतेनं गुंडा सुटतो, म्हणून पातळ पांढरं घट्ट होतं. पण माळेतले मणी तिथंच असतात, आणि सुटलेली माळ आपलं पोट जास्त सहज तोडतं. म्हणून शिजवलेलं अंडं कच्च्यापेक्षा चांगलं अंगी लागतं. कच्च्या अंड्यातून जंतू पोटात जाण्याची भीती असते, ती वेगळीच.

अंडं-मटण खात नसाल तरी अडत नाही. ज्वारी आणि तांदळात जे मणी कमी असतात ते डाळीत असतात, आणि डाळीत जे कमी ते धान्यात. भाकरी-पिठलं, वरण-भात, खिचडी ही जोडी म्हणूनच पक्की. तेव्हा ‘ताकदीच्या पावडरी’साठी गटातून कर्ज उचलण्याआधी डब्यामागचा तक्ता वाचा: प्रथिनं किती, साखर किती. मग त्याच पैशात शेंगदाणे, फुटाणे, डाळ किती येईल ते मांडून बघा.

४. “गूळ चालतो, साखर नको. भाकरीत तर साखर नसतेच.”
गुळात थोडे क्षार असतात हे खरं. पण त्याचा मोठा भाग तीच उसाची साखर. मधुमेह असेल तर गुळाचा चहासुद्धा रक्तातली साखर वाढवतो. आणि भाकरी-भातातलं पिष्ट म्हणजे ग्लुकोज नावाच्या साखरेचीच लांब साखळी. खात्री करायची? भाकरीचा एक घास न गिळता बराच वेळ चावा. हळूहळू गोडसर लागेल. लाळेतलं अमायलेज नावाचं विकर ती साखळी तोडतं. म्हणून मधुमेह असेल तर भाकरी बंद करू नका, पण मोजून खा, सोबत डाळ-भाजी वाढवा आणि गोळी मनानं सोडू नका.

५. “बीट लाल, म्हणून रक्त वाढतं.”
बिटाचा रंग वेगळा, रक्ताचा वेगळा. बीट जरूर खा, पण त्यात लोह फार नसतं. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आणि हिमोग्लोबिन हे लोह धरून ठेवणारं प्रथिन आहे. म्हणजे रक्त भरायला लोह हवं आणि प्रथिनंही हवीत. पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह जास्त शोषलं जातं. जेवणाला लागून चहा घेतला तर उलटं होतं, म्हणून मध्ये निदान तासभर जाऊ द्या. आणि आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या डब्यात साठवू नका, घ्या!

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं भाकरीचा एक तुकडा आणा. चावण्याचा प्रयोग सगळ्या मिळून करू. आणि ज्यांच्या घरी सहा महिने ते दोन वर्षांचं बाळ आहे त्यांनी अंगणवाडीतलं वजनाचं कार्डही आणा. वजन अडलेलं दिसलं, तर वाटीतलं वरण किती घट्ट आहे ते आधी विचारू आणि अंगणवाडी ताईंना लगेच दाखवू.

तुमची क्षेत्र समन्वयक