मोबाईल अ‍ॅप : आधी एकच काम, पण चोख

व्यापारी व कारागीर बांधवांच्या बैठकीत आजकाल एक विषय हमखास निघतो. दुकानाचे स्वतःचे मोबाईल अ‍ॅप काढावे काय? मुलगा म्हणतो, "अब्बा, सगळा कारोबार त्यावर आणू या." बनवून देणारा म्हणतो, "सांगाल तेवढी कामे घालून देतो." आणि कष्टाची शिल्लक अशा वस्तूत अडकते की जी गिऱ्हाईक दोनदा उघडतही नाही. म्हणून हे काम कसे चालते हे आधी समजून घेणे जरुरीचे आहे.

इन्स्टाग्रामचे उदाहरण पाहा. अमेरिकेत केविन सिस्ट्रॉम यांनी प्रथम 'बर्बन' नावाचे अ‍ॅप काढले होते. आपण कोठे आहोत ते कळवा, पुढचे बेत आखा, गुण मिळवा, फोटो टाका, असा सारा पसारा त्यात होता. लोकांना तो गोंधळाचा वाटला. मात्र फोटो टाकण्याची सोय लोक वापरीत होते. सिस्ट्रॉम व त्यांचे भागीदार माईक क्रीगर यांनी बाकीचे बहुतेक काढून टाकले आणि फोटो, त्यावर अभिप्राय व पसंती एवढेच ठेवले. सुमारे आठ आठवड्यांत नवे अ‍ॅप उभे राहिले. ६ ऑक्टोबर २०१० रोजी ते फक्त आयफोनसाठी बाजारात आले व पहिल्याच दिवशी सुमारे २५ हजार लोकांनी घेतले. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने ते १ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले, तेव्हा त्या कंपनीत अवघी १३ माणसे होती. हे काम लवकर झाले ते घाई केल्याने नव्हे, तर नको ते सोडून दिल्याने.

मी नेमके याच्या उलट केले. आमचा कापडाचा घाऊक धंदा. मालाचे फोटो, ऑर्डर, उधारीचे खाते, दलाली, नोकरांची हजेरी, सर्व एकाच अ‍ॅपमध्ये हवे असा हट्ट मीच धरला. तीन महिन्यांचे काम वर्षभर रेंगाळले. किरकोळ दुकानदारांना एकच गोष्ट हवी होती. आज कोणता माल शिल्लक आहे व भाव काय? तीच शोधायला पाच ठिकाणी बोट लावावे लागे. ते आपले व्हॉट्सअ‍ॅपवरच फोटो मागत राहिले. पुढे वाद झाला तेव्हा कळले की प्ले स्टोअरवर अ‍ॅप माझ्या खात्यावर नसून बनविणाऱ्याच्या खात्यावर आहे. पैसा माझा आणि गोदामाची किल्ली दुसऱ्याकडे!

या नुकसानीतून जे शिकलो ते बांधवांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, अ‍ॅपची खरोखर गरज आहे काय ते तपासा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर मालाची यादी फोटो व भावासह विनाखर्च लावता येते. महिनाभर ती चालवा आणि गिऱ्हाईक रोज काय विचारते ते वहीत टिपून ठेवा. जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा येईल, ते तुमच्या अ‍ॅपचे पहिले काम.

दुसरी गोष्ट, कागदावर पडदे काढा. कोणते बटण कोठे, दाबल्यावर काय दिसेल, हे चार गिऱ्हाइकांना दाखवा. कागदावरची चूक खोडरबराने निघते. तयार अ‍ॅपमधली चूक पैसे घेऊन निघते.

तिसरी गोष्ट, तयार मिळते ते नव्याने बनवू नका. पैसे घेण्यासाठी यूपीआय आहे, ते जोडून घ्या. उर्दू हवी असेल तर सुरुवातीलाच सांगा. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे पडद्याची सारी मांडणी उलटवावी लागते. मागाहून हे काम महाग पडते.

चौथी गोष्ट, चाचणीत कसर ठेवू नका. साधा जुना फोन आणि बाजारातले कमजोर नेटवर्क, यावर अ‍ॅप चालले तरच ते चालले म्हणावे. नवीन वैयक्तिक खातेदाराला गूगल तर १२ माणसांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घेतल्याशिवाय अ‍ॅप सर्वांसाठी खुले करू देत नाही. ही अट अडचण समजू नका. आपणही नव्या डिझाइनचा एक तागा आधी बाजारात दाखवतो, मगच गाठी भरतो.

पाचवी गोष्ट, करार लिहून घ्या. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, ती शिकवण येथेही लागू करावी. कामे कोणती, मुदत किती, दुरुस्ती कोण करणार आणि अ‍ॅपचा मूळ कोड कोणाचा, हे सर्व कागदावर यावे. प्ले स्टोअरचे खाते स्वतःच्या नावाने उघडा. त्याची फी एकदाच २५ डॉलर आहे. अ‍ॅपलची ९९ डॉलर असून ती दरवर्षी भरावी लागते.

शेवटी, गिऱ्हाइकाचा फोन नंबर व पत्ता ही आपल्याकडची अमानत आहे. लागेल तेवढीच माहिती त्याच्या संमतीने घ्यावी व ती कोणास विकू नये. २०२३ मध्ये यासाठी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमत झाला. पण आपल्यावर अमानतीची जबाबदारी कायद्याच्या आधीपासून आहे.

पहिले काम लोक रोज वापरू लागले की मगच दुसरे जोडा. छोटे दुकान नीट चालले तर शेजारचा गाळा घेता येतो; मोठे दुकान ओस पडले तर भाडे मात्र भरावेच लागते.