सावली मोजून शिवावी

मे महिन्यात मुंबईच्या गेटवेसमोर शिडाच्या छोट्या बोटीत बसलं, की दुपारी बाकाचं फायबरग्लासही चटके देतं. खाली केबिनमध्ये सावली असते, पण सुकाणू धरणाऱ्याला तिथं जाता येत नाही. म्हणून कॉकपिटवर, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीवर, छत हवं. उन्हानं शिणलेल्या माणसाचे अंदाज चुकतात, आणि समुद्रावर ते महागात पडतं.

या घडीच्या छताला बिमिनी म्हणतात. स्टेनलेस स्टीलच्या नळीच्या दोन-तीन कमानी, त्यांच्या बुडाशी दोन्ही बाजूंना बिजागऱ्या, वर कापड आणि पुढे-मागे ताणलेले पट्टे. इंजिनाच्या बोटीवर ते हवं तितकं उंच करता येतं. शिडाच्या बोटीत मात्र वरून बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, फिरतो, त्यामुळे छोट्या बोटीत बहुधा बसण्यापुरतीच उंची मिळते. शिडाची पुढची कड दिसावी म्हणून छतात पारदर्शक खिडकीही ठेवावी लागते.

खरा प्रश्न उन्हाच्या कोनाचा. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य भर दुपारी डोक्यावर असतो. पावणेचारच्या सुमारास तो ४५ अंशांवर उतरतो आणि पाचच्या आत ३० अंशांवर. ४५ अंशांवर छत खांद्यांपासून जितकं उंच, तितकीच सावली बाजूला सरकते. ३० अंशांवर पावणेदोन पट. म्हणजे उंच, ऐसपैस छताखालीही संध्याकाळी माणूस उन्हातच बसतो. इथं उपयोगी पडतो तो बाजूचा पडदा. नांगरलेली बोट वाऱ्याबरोबर आणि भरती-ओहोटीबरोबर तोंड फिरवते, म्हणून तो चारही बाजूंना अडकवता यायला हवा.

पण प्रत्येक पडदा वाराही धरतो. २० नॉटच्या वाऱ्याचा समोरून दाब दर चौरस मीटरला साधारण ६ किलो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. वारा वाढण्याआधीच छत झटपट दुमडता आलं पाहिजे.

छताच्या कापडाचा रंग उन्हात विटण्याची अडचण १९६१मध्ये बरीच सुटली. अमेरिकेतल्या ग्लेन रेव्हन कंपनीनं सुती कापडाऐवजी ‘सनब्रेला’ हे अ‍ॅक्रिलिक कापड आणलं. त्यात रंग धागा बनतानाच मिसळलेला असतो, त्यामुळे तो सहज विटत नाही. शिवणीचा पॉलिएस्टर दोरा मात्र कापडाआधी उन्हानं कुजतो; पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोरा महाग, पण टिकाऊ.

नळ्या वाकवण्याआधी बांबू आणि जुनी चादर बांधून एक दुपार बोटीवर काढावी. दर तासाला सावलीची कड खडूनं आखावी, बूम दोन्ही बाजूंना फिरवून पाहावा. कारागिराला द्यायची मापं त्या खुणांवरून घ्यावीत.