ताप उतरला, थकवा राहिला

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनातलं काढून टाका,’ असं पेशंटला सांगणं मला क्रूर वाटतं. विषाणूच्या तापानंतर जडणारा ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ पकडणारी रक्तचाचणी अजून नाही. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह तपासून बाजूला सारायचे; पुढचं निदान ऐकण्यातून होतं, आणि तिथे घाई चालत नाही. मी विचारते, ‘आज चार कपडे धुतलेत, तर उद्या-परवा काय होतं?’ थोड्याशा श्रमांनी, तेही उशिरा, अंथरूण धरावं लागणं ही मुख्य खूण. शिवाय झोपूनही ताजंतवानं न वाटणं. जोडीला डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास वाढणं. अमेरिकेतल्या २०१५च्या निकषांनुसार हा थकवा ६ महिन्यांहून अधिक टिकलेला हवा. व्यायाम ठरावीक प्रमाणात वाढवत नेण्याचा उपचार ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने २०२१मध्ये मागे घेतला. तरी तोच सल्ला पाळून आणखी खचलेले पेशंट माझ्याकडे येतात.