जुना संगणक किती जुना? : एका प्रोसेसरची ओळख

बडोद्यातल्या आमच्या लहानशा मराठी वाचनालयात २००९ साली घेतलेला एक टेबलावरचा संगणक आहे. ग्रंथसूची, सभासदांची यादी, व्याख्यानांची निमंत्रणे, दिवाळी अंकांची नोंद असे सारे त्याच्यावरच होत आले. गेल्या वर्षी तो चालू व्हायला पाच-सहा मिनिटे घेऊ लागला, तेव्हा दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी एका वाक्यात निकाल दिला : "प्रोसेसर जुना झाला, भंगारात काढा." कार्यकारिणीत कोणी हरकत घेतली नाही, कारण प्रोसेसर जुना होतो म्हणजे नेमके काय होते, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हते. यंत्राबरोबर पंधरा वर्षांची सूचीही जाणार होती, म्हणून मी थोडी मुदत मागून घेतली. त्या मुदतीत जे समजून घेतले, ते या लेखात मांडतो.

यंत्र आपल्या भाषेत समजून घेण्याचा प्रयत्न या शहराला नवा नाही. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी येथे कलाभवन सुरू केले. तंत्रशिक्षण देशी भाषांतून द्यावे, असा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके काही काळ याच संस्थेत शिकले. पुढे १९३१ मध्ये 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' हा राज्यकारभारातल्या संज्ञांचा बहुभाषी कोश बडोदे संस्थानाने प्रसिद्ध केला. रंगकाम आणि विणकामाचे तंत्र किंवा कारभाराची भाषा मराठी-गुजरातीत सांगता येत असेल, तर प्रोसेसरही सांगता यायला हवा.

पाटीवरचे आकडे

आमच्या संगणकातला प्रोसेसर 'इंटेल कोअर टू ड्युओ ई ७५००' हा आहे. तो जानेवारी २००९ मध्ये बाजारात आला. त्याची वैशिष्ट्ये अशी : गाभे २, गती २.९३ गिगाहर्ट्झ, कॅश ३ एमबी, बसची गती १०६६ मेगाहर्ट्झ, उष्णतेची मर्यादा ६५ वॉट, बांधणी ४५ नॅनोमीटर. सुमारे ८२ चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर २२.८ कोटी ट्रान्झिस्टर आहेत.

यातला गतीचा आकडा सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत फसवा. प्रोसेसरमध्ये एक ठोका सतत पडत असतो आणि त्या ठोक्यावर सगळी कामे पुढे सरकतात. २.९३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २९३ कोटी ठोके. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशसुद्धा जेमतेम दहा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत, पुढे जातो. पण ठोके किती पडले यावरून काम किती झाले ते कळत नाही. सायकलचे पायडल मिनिटाला किती वेळा फिरले, एवढ्यावरून अंतर कळत नाही, तसेच हे आहे.

याचा धडा इंटेलने स्वतःच घेतला. २००० साली आलेल्या 'पेंटियम ४' या मालिकेची रचना ठोके वाढवत नेण्यासाठी केलेली होती. तिच्यातल्या नंतरच्या प्रोसेसरांत एक आदेश पुरा व्हायला ३१ टप्पे लागत. टप्पे लहान, म्हणून ठोका जलद. ही गती ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेली. पण पुढचा अंदाज चुकला, की अर्धवट झालेले सगळे टप्पे टाकून पुन्हा सुरुवात करावी लागे, आणि उष्णताही ११५ वॉटपर्यंत पोचली. २००६ मध्ये आलेल्या 'कोअर टू'ने टप्पे १४ वर आणले आणि एका ठोक्यात चार आदेशांपर्यंत काम उरकण्याची सोय केली. परिणामी २.४ गिगाहर्ट्झचा 'कोअर टू ड्युओ' ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियमला मागे टाकू लागला. तेव्हा वेगवेगळ्या पिढ्यांचे प्रोसेसर केवळ गिगाहर्ट्झवरून तोलू नयेत. ती तुलना एकाच घराण्यात चालते.

गाभे दोन, म्हणजे काम करणारे हात दोन. पण एकच पत्र दोघांनी मिळून लिहिले तर ते निम्म्या वेळात होत नाही. एकाने पत्र लिहिले आणि दुसऱ्याने पाकिटांवर पत्ते घातले तर वेळ वाचतो. मराठी मजकूर टंकणे हे बहुतांशी एका हाताचे काम. दुसरा गाभा तेवढ्यात छपाई, विषाणू-तपासणी अशी कामे पाहतो.

ओटा, फडताळ, कोठी आणि काशी

'कॅश' हा शब्द मराठी कानाला रोख रकमेची आठवण करून देतो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपवलेला साठा असा आहे. स्वयंपाकघराची उपमा येथे चपखल बसते. ओट्यावरचा मिसळणाचा डबा म्हणजे पहिल्या पातळीची कॅश. प्रत्येक गाभ्यापाशी ती आदेशांसाठी ३२ केबी आणि माहितीसाठी ३२ केबी इतकी असते. मागचे फडताळ म्हणजे दुसऱ्या पातळीची कॅश. ती ३ एमबी असून दोन्ही गाभ्यांत सामाईक आहे. कोठीची खोली म्हणजे रॅम. बाजार म्हणजे डिस्क.

यातले अंतर कळण्यासाठी प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे एक सेकंद असे धरू. मग मिसळणाच्या डब्यातून जिरे घ्यायला तीन सेकंद लागतात, फडताळातून घ्यायला पंधरा. कोठीत जायचे तर सुमारे दोनशे सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त. आणि जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमधून काही आणायचे तर? एका शोधाला साधारण १२ मिलिसेकंद लागतात. आपल्या मापाने ते होतात साडेतीन कोटी सेकंद, म्हणजे चारशे दिवस! हा खंडेराव मार्केटचा फेरा नव्हे, ही पायी केलेली काशीयात्रा झाली. याच जागी तबकडी नसलेली एसएसडी बसवली, तर एक शोध साधारण दशांश मिलिसेकंदात होतो आणि आपल्या मापाने ही यात्रा साडेतीन दिवसांवर येते.

संगणक चालू होताना असे हजारो शोध होतात. पाच-सहा मिनिटे कुठे जात होती, हे आता उघड आहे. प्रोसेसर बिचारा वाटेकडे डोळे लावून बसलेला असे, आणि ठपका मात्र त्याच्यावर आला.

मजकुराचे ओझे त्याला किती, हेही पाहू. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. 'वडोदरा' या शब्दात सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट. 'क्षि' दिसायला एक अक्षर, पण साठवताना क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व इकार अशी चार चिन्हे, १२ बाइट. शब्दाला सरासरी सहा चिन्हे आणि एक मोकळी जागा धरली, तर नव्वद हजार शब्दांच्या, म्हणजे सुमारे तीनशे पानांच्या कादंबरीला सतरा लाख बाइट लागतील. ३ एमबी म्हणजे ३१,४५,७२८ बाइट. अख्खी कादंबरी फडताळात मावून वर जागा उरते! इकार आधी काढणे, जोडाक्षर जुळवणे ही कामेही या प्रोसेसरला जड नाहीत. लेखक-शिक्षकांच्या नित्याच्या कामासाठी तो आजही अपुरा नाही.

शब्दसंग्रहाची अडचण

मग तो जुना कोणत्या अर्थाने झाला? याचे उत्तर भाषेच्या अभ्यासकांना जवळचे वाटेल. प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आदेशच कळतात. ती त्याची भाषा. नव्या पिढ्या तिच्यात शब्दांची भर घालतात. जुना प्रोसेसर मात्र जन्मावेळच्या शब्दसंग्रहावरच आयुष्य काढतो.

ई ७५०० ला 'एसएसई ४.१' पर्यंतचे शब्द येतात, 'एसएसई ४.२' आणि 'पॉपकाउंट' येत नाहीत. पॉपकाउंटचे काम साधे आहे : द्विमान पद्धतीतल्या संख्येत एक हा अंक किती वेळा आला ते मोजणे. हा शब्द नसेल तर तेच काम इतर चार-दोन शब्दांत सांगता येते, जसे 'फडताळ' हा शब्द ठाऊक नसलेला माणूस 'भिंतीतले कपाट' म्हणून निभावतो. पण कार्यक्रम लिहिणाऱ्याने हा शब्द गृहीत धरला असेल, तर प्रोसेसर संथ होत नाही, तो तिथेच अडतो. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर आहेत, आणि २०२४ च्या तिच्या आवृत्तीने तर पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ अनिवार्य केले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे या यंत्राच्या मार्गातला अडसर वेगाचा नसून शब्दसंग्रहाचा आणि सुरक्षिततेचा आहे.

हा अडसर टाळणारा रस्ता लिनक्सचा. डेबियनसारखी प्रणाली ६४ बिटांच्या मूळ शब्दसंग्रहावर चालते, आणि तो ई ७५०० ला पूर्ण येतो. तिच्यात लिब्रेऑफिस, इनस्क्रिप्ट कळफलक आणि लोहित, नोटो यांसारखे देवनागरी फाँट विनामूल्य मिळतात.

मर्यादाही सांगायला हव्यात. छापील पानांच्या प्रतिमांवरून मजकूर ओळखणारा 'टेसरॅक्ट' हा कार्यक्रम या यंत्रावर चालतो. पण अशा कामाला उपयोगी पडणारे 'एव्हीएक्स' नावाचे आदेश त्याला येत नसल्याने हळू चालतो. आजच्या व्हिडिओंचे नवे साचे उलगडताना तो दमतो. विजेचा हिशेबही आहे. २०२३ मध्ये आलेल्या इंटेलच्या 'एन १००' या साध्या प्रोसेसरमध्ये चार गाभे आहेत आणि त्याची उष्णतेची मर्यादा अवघी ६ वॉट आहे. दिवसभर चालू ठेवायचे यंत्र असेल, तर नवे घेणे शहाणपणाचे. बडोद्याच्या मे महिन्यात पंख्यावर धूळ साचली आणि प्रोसेसरवरचा उष्णतावाहक लेप सुकला, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून गती कमी करतो. त्यालाही लोक म्हातारपण समजतात.

आधी मजकूर, मग यंत्र

आमच्या बाबतीत खरा धोका वेगळ्याच ठिकाणी निघाला. ग्रंथसूची युनिकोडपूर्व फाँटात टंकलेली होती. अशा धारिकेत देवनागरी नसतेच. इंग्रजी चिन्हांचे क्रमांक साठवलेले असतात आणि फाँट त्यांना मराठी अक्षरांचे रूप देतो. तो फाँट फक्त त्या संगणकावर होता. यंत्र भंगारात गेले असते, तर दुसऱ्या यंत्रावर आमची सूची म्हणजे अर्थहीन चिन्हांची रांग झाली असती.

म्हणून आम्ही क्रम बदलला. प्रथम सर्व धारिकांची आणि फाँटची प्रत दोन ठिकाणी ठेवली. मग मजकूर युनिकोडमध्ये आणून डोळ्यांनी तपासला; रफार आणि जोडाक्षरे यांत चुका निघाल्या, त्या विद्यार्थ्यांनी बसून दुरुस्त केल्या. त्यानंतर डिस्कच्या जागी एसएसडी, रॅम ४ जीबी, धूळ साफ, लेप नवा आणि वर लिनक्स. तो आता मिनिटभरात चालू होतो. सूची आणि लेखन त्याच्यावर, आणि पैशाचे व्यवहार दुसऱ्या, नव्या यंत्रावर, अशी विभागणी आम्ही केली आहे.

शाळांत, ग्रंथालयांत असे अनेक डेस्कटॉप निकालाची वाट पाहत असतील. त्यांच्याबाबत तीन प्रश्न विचारावेत : अडते ते कुठे, प्रोसेसरपाशी की डिस्कपाशी? आपल्याला हवा तो कार्यक्रम याला न येणारे शब्द वापरतो का? आणि यातला मजकूर दुसरीकडे वाचता येईल का? तिसऱ्याचे उत्तर 'हो' येईपर्यंत यंत्र दाराबाहेर जाऊ देऊ नये.

प्रोसेसरला 'प्रक्रियक' म्हणावे की प्रोसेसरच, यावर मतभेद राहतील. विद्यार्थ्याला फडताळ आणि काशीयात्रा यांतला फरक कळला, की तो कोणताही शब्द वापरो, दुरुस्तीवाल्याला योग्य प्रश्न विचारू शकेल.