पायाखालची गादी

आषाढातील गोष्ट. कोकणातील एका कर्जदाराच्या कुक्कुटपालन शेडची पाहणी करण्यास गेलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता आणि शेडचे पडदे दोन्ही बाजूंनी घट्ट बंद होते. आत पाऊल टाकताच डोळे चुरचुरले. “पडदे उघडले तर पक्षी भिजतील, साहेब,” मालक म्हणाले. पक्ष्यांची संख्या, विमा, खाद्याचा साठा हे सारे आमच्या पाहणीच्या नमुन्यात होते. पायाखालच्या गादीसाठी मात्र रकाना नव्हता. त्या खेपेचा हिशेब बिघडला तो तिच्यामुळेच.

गादी म्हणजे जमिनीवर पसरलेला भाताच्या तुसाचा, लाकडाच्या भुशाचा किंवा भुईमुगाच्या टरफलांचा थर. मांसल पक्ष्यांसाठी दोन-तीन इंचांचा थर पुरतो. अंड्यांवरील कोंबड्यांसाठी त्यात भर घालत तो सहा इंच वा अधिक जाड केला जातो. विष्ठेतील ओल शोषून ती हवेत सोडणे आणि जीवाणूंकरवी विष्ठा कुजवणे, हे तिचे काम. नीट राखलेल्या जुन्या गादीत ब-१२ जीवनसत्त्वही तयार होते. जुनी गादी म्हणजे घाण, असे सरसकट म्हणता येत नाही ते यामुळेच.

सारा प्रश्न ओलाव्याचा. तो २० ते २५ टक्के असावा. मोजण्यास यंत्र नको. मूठभर गादी दाबून सोडावी. गोळा तसाच राहिला तर ती ओली, धूळ उडाली तर फार कोरडी, सावकाश भुगा झाला तर योग्य.

पक्षी खाद्याच्या सुमारे दुप्पट पाणी पितो आणि त्यातील बराच भाग विष्ठेवाटे गादीत उतरतो. वर पाण्याची भांडी गळत असतील तर विचारायलाच नको. ओल्या गादीतून अमोनिया निघतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे २५ भाग झाले, की पक्ष्यांचे डोळे व श्वसनमार्ग यांना इजा होऊ लागते. रक्ती हगवणीचे जंतूही ओल व ऊब मिळताच एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. तळपायांना जखमा झालेला पक्षी खाद्याकडे जाण्याचे टाळतो, वजन घटते आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच येतो.

म्हणून भर पावसातही पडद्याचा वरचा भाग थोडा उघडा ठेवावा. उबदार, दमट हवा वरूनच बाहेर पडते. गादी रोज सकाळी दाताळ्याने खालीवर करावी. भांड्यांभोवती धरलेल्या ढेपा उचलून तेथे कोरडे तूस टाकावे आणि भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला आणावी. चुना टाकण्याचा उपाय सर्वांना ठाऊक असतो. परंतु चुना ओल शोषताना प्रारंभी अमोनियाचा वास वाढवतो, हे फारसे कोणी सांगत नाही. बंद शेडमध्ये तो टाकू नये.

आमच्या त्या कर्जदारांनी पुढच्या खेपेपूर्वी छपराच्या पागोळ्या लांबवल्या आणि एक दाताळे विकत घेतले. खेप संपल्यावर निघालेली गादी त्यांनी आडोशाला रचून कुजवली व शेजारच्या आंबा बागायतदाराला खत म्हणून विकली. हे उत्पन्न त्यांच्या प्रकल्प अहवालात नव्हते. ते धरण्याचे आम्हालाही सुचले नव्हते.