भाड्याच्या घरातला गारवा आणि गरम पाणी

भाड्याने द्यायच्या फ्लॅटमधले पंखे, एसी आणि गिझर विकत घेतो घरमालक. त्यांचे वीजबिल भरतो भाडेकरू. पैसे एकाने घालायचे आणि बचत दुसऱ्याच्या खिशात, त्यामुळे अशा घरांत बहुधा सगळ्यात स्वस्त आणि भरपूर वीज खाणारी उपकरणे बसतात. हा हिशेब अपुरा आहे. उन्हाळ्यात रात्री झोप लागत नाही असे घर भाडेकरू मुदत संपताच सोडतो. मग घर रिकामे राहते, दलाली आणि रंगरंगोटी पुन्हा करावी लागते. एका महिन्याचे बुडालेले भाडे हे साध्या आणि चांगल्या एसीच्या किमतीतल्या फरकापेक्षा अनेकदा जास्त भरते.

खर्चाची सुरुवात मात्र एसीपासून करू नये; आधी ऊन अडवावे. सर्वांत वरच्या मजल्यावर काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडत राहतो. गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा लेप दिला की स्लॅब मुळातच कमी तापतो. गच्ची सोसायटीची असल्याने त्यासाठी लेखी परवानगी लागते. वॉटरप्रूफिंगचे काम निघालेच असेल तर दोन्ही एकदम उरकता येतात. पश्चिमेच्या खिडकीला सावली बाहेरून हवी. काचेतून ऊन आत आल्यावर ते पडद्याने थोपवले तरी उष्णता खोलीतच राहते. छज्जा किंवा बाहेरून सोडलेला बांबूचा पडदा हे काम चांगले करतो.

त्यानंतर पंखे. जुना पंखा साधारण ७५ वॉट वीज घेतो, बीएलडीसी मोटरचा सुमारे ३०. रोज १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात, तीन पंख्यांमागे ६०. महावितरणचे घरगुती दर वापर वाढेल तसे टप्प्याटप्प्याने चढतात, म्हणून वाचणारे युनिट सर्वांत महागड्या टप्प्यातले असतात. इतक्या कमी पैशांत भाडेकरूला दर महिन्याच्या बिलात दिसणारा दुसरा बदल सापडणे कठीण.

कूलर की एसी, हे हवेवर ठरते. कूलरमध्ये पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते. त्यासाठी हवा कोरडी लागते. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या मे महिन्यात तो उत्तम चालतो आणि एसीच्या मानाने फारच थोडी वीज घेतो. तिथे मालकाने खिडकीबाहेर भक्कम स्टँड, जवळ नळ आणि पाणी वाहून जायची सोय केली तरी पुष्कळ झाले. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासली नाही तर तीत डेंग्यूचे डास वाढतात. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत मात्र कूलरने घाम अधिकच चिकटतो. तिथे एसीला पर्याय नाही.

साधारण १२० चौरस फुटांपर्यंतच्या खोलीला एक टनाचा एसी पुरतो. लेबलवर ताऱ्यांबरोबर वर्षाला किती युनिट लागतील हेही छापलेले असते. तो आकडा १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो आणि तुलना त्यावरूनच करावी, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या एसीचे पाच तारे आजचे पाच उरत नाहीत. समुद्राजवळ तांब्याची, गंजरोधक लेप दिलेली कॉइल घ्यावी.

महाराष्ट्रात खोली तापवायची गरज क्वचितच पडते. गरम पाणी मात्र रोज लागते. बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्याने गिझरमध्ये क्षार साचतात, तेव्हा दर वर्षी सर्व्हिसिंग हवेच. सोसायटीत सौर बंब असेल तर त्याची जोडणी चालू आहे ना हे घर देण्याआधी पाहावे. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर बसवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि अशा बाथरूममध्ये माणसे गुदमरून मेली आहेत. वाचलेल्या चार पैशांसाठी हा धोका भाडेकरूच्या माथी मारणे गैरच आहे.

कोणतेही यंत्र बसवण्याआधी वायरिंग तपासून घ्यावे. एसी आणि गिझरला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, नीट अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी हवा. मंजूर भार कमी पडत असल्यास तो वाढवून घ्यावा.

लिव्ह अँड लायसन्सच्या करारात उपकरणांची यादी जोडून, सर्व्हिसिंग कोणी करायचे आणि गॅस भरण्याचा खर्च कोणाचा, हे स्पष्ट लिहावे. डिपॉझिट परत करतानाचे बहुतेक वाद इथेच मिटतात. करातही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला महापालिकेचा कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्तीवर प्रत्यक्षात कितीही खर्च झालेला असो. एसीची पावती दाखवून वेगळी वजावट मिळत नाही. ती रक्कम भाड्यातूनच वसूल व्हावी लागते.