छपराची पुरवणी मागणी

लेखमाला : आपलं घर, टेक्सासमधलं
लेखांक 6

गेल्या लेखात आपण गारपिटीनंतर विमा कंपनीकडून येणारा पहिला चेक वाचायला शिकलो. डिडक्टिबल म्हणजे काय, घसारा कसा कापतात आणि काम पुरं झाल्यावर तो परत कसा मिळतो, हे पाहिलं. आज त्यापुढची पायरी. काम सुरू होतं, जुनं छप्पर उतरतं आणि काँट्रॅक्टर सांगतो, ‘विमा कंपनीच्या यादीत काही गोष्टी राहिल्यात. सप्लिमेंट टाकावं लागेल.’

सप्लिमेंट म्हणजे पुरवणी मागणी. मंजूर झालेल्या क्लेममध्ये जे काम धरलेलं नाही किंवा कमी धरलं आहे, त्याचे जादा पैसे मागण्याचा अर्ज. हा शब्द ऐकला की आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसं भेटतात. काहींना वाटतं, ही सरळसरळ पैसे उकळण्याची युक्ती. काही म्हणतात, ‘देणार विमा कंपनी, आपल्या खिशाला कुठे तोशीस? करून टाका सही.’ मला दोन्ही चुकीचं वाटतं. पुरवणी मागणी बहुतेक वेळा रास्त असते. पण ती ज्या क्लेमवर मागितली जाते, तो क्लेम काँट्रॅक्टरचा नसून तुमचा असतो. हे एक ध्यानात ठेवलं, की पुढचं सगळं सोपं होतं.

यादीतून गोष्टी सुटतात कशा?

मोठी गारपीट झाली की प्लेनो, फ्रिस्को, मकिनीसारख्या गावांत घरांच्या रांगाच्या रांगा एकाच वेळी क्लेम करतात. कंपनीचा अ‍ॅडजस्टर एका दिवसात अनेक छपरं चढतो-उतरतो. छपराच्या प्रत्येक उतारावर तो खडूने 10 फूट बाय 10 फूट असा चौकोन आखतो आणि त्यातले गारांचे मार मोजतो. क्षेत्रफळ बऱ्याचदा हवाई छायाचित्रांवरून तयार केलेल्या अहवालातून घेतात. मग ही माहिती एक्झॅक्टिमेट नावाच्या संगणकप्रणालीत भरली जाते. त्या-त्या भागातले मजुरीचे आणि मालाचे दर तिच्यात असतात, आणि ओळीमागून ओळ अशी इस्टिमेटची यादी तयार होते.

यात लबाडी असतेच असं नाही. घाई असते. आणि मुख्य म्हणजे अ‍ॅडजस्टरला छपराचं वरचं अंगच दिसतं, शिंगल्सखाली काय आहे ते उघडल्याशिवाय कुणालाच कळत नाही. त्यामुळे ठरावीक गोष्टी पुनःपुन्हा सुटतात. त्या ओळखीच्या करून घेऊ.

पहिली, ड्रिप एज. छपराच्या कडेला बसवलेली धातूची घडीची पट्टी. पाणी भिंतीवर न ओघळता सरळ पन्हळीत पडावं, यासाठी ती असते. इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडच्या 2012च्या आवृत्तीपासून शिंगल्सच्या छपराला ती सक्तीची आहे. तुमच्या शहराने तो कोड स्वीकारला असेल, पण घर जुनं असल्यामुळे पट्टी मुळात नसेल, तर अ‍ॅडजस्टर ती यादीत धरत नाही. नवं छप्पर मात्र तिच्याशिवाय नियमात बसत नाही. असा नियमांमुळे वाढलेला खर्च पॉलिसीतल्या ‘ऑर्डिनन्स ऑर लॉ’ या कलमातून मिळतो. काही पॉलिसींत हे कलम आपोआप असतं, काहींत वेगळं घ्यावं लागतं. तुमच्या पॉलिसीत ते आहे का, हे आजच पाहून ठेवा.

दुसरी, चढण. 12 इंच आडवं गेल्यावर छप्पर 7 इंच किंवा अधिक उंच जात असेल, तर त्यावर नुसतं उभं राहून काम करता येत नाही, दोर आणि आधार लागतात. त्याची जादा मजुरी असते. घर दुमजली असेल तर माल वर चढवण्याची वेगळी.

तिसरी, वाया जाणारा माल. छपराचं माप ‘स्क्वेअर’मध्ये होतं. एक स्क्वेअर म्हणजे 100 चौरस फूट. जितके कोन, वळणं आणि दोन उतारांचे सांधे जास्त, तितक्या शिंगल्स कापाव्या लागतात. साधारण 10 ते 15 टक्के माल यात जातो. साध्या दोनपाखी छपराची टक्केवारी गुंतागुंतीच्या छपराला लावली, की माल कमी पडलाच म्हणून समजा.

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त वादाची. ती म्हणजे डेकिंग, शिंगल्सखालच्या लाकडी फळ्या.

चिमणीमागचा तुकडा

आमच्या घराचं छप्पर उतरवलं त्या सकाळी मी अंगणात उभा होतो. सातच्या सुमाराला माणसं वर चढली आणि नऊपर्यंत निम्मं छप्पर खाली कचऱ्याच्या ट्रॉलीत आलं होतं. तेवढ्यात मुकादमाने वरून हाक मारली. चिमणीच्या मागच्या बाजूला, जिथे वरून येणारं पाणी अडतं, तिथली फळी काळी पडली होती. त्याने अंगठा दाबला तर भिजलेल्या बिस्किटासारखा तिचा भुगा झाला. त्याने टेप आडवी ठेवून फोटो काढला, मग उभी ठेवून दुसरा आणि थोडं लांबून तिसरा. तिसऱ्या फोटोत चिमणी दिसत होती, म्हणजे ही जागा नेमकी कुठली, याबद्दल पुढे वाद राहू नये. दोन फळ्या बदलाव्या लागल्या.

त्या तीन फोटोंची किंमत मला नंतर कळली. नव्या शिंगल्स बसल्या की खालची कुजकी फळी कुणालाही दाखवता येत नाही. विमा कंपनीने विचारलं असतं, तर आमच्याकडे शब्दाखेरीज काही नसतं.

पण याच ठिकाणी कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. फळी गारांमुळे कुजत नाही. चिमणीभोवतीचं पत्र्याचं फ्लॅशिंग वर्षानुवर्षं गळत असेल तर ती झीज झाली आणि झीज पॉलिसीत बसत नाही. कंपनीने ते पैसे नाकारले तर तो अन्याय नव्हे. वादळाने फळी फुटली असेल किंवा आजच्या कोडप्रमाणे जुन्या विरळ फळ्यांवर शिंगल्स ठोकताच येत नसतील, तर गोष्ट वेगळी. म्हणून मागणी करताना ‘काय बदललं’ एवढ्यावर थांबू नका, ‘का बदलावं लागलं’ हेही लिहिलं पाहिजे. आमच्या दोन फळ्यांचे पैसे आम्हीच भरले, आणि ते योग्यच होतं.

त्याच दिवशी काँट्रॅक्टरच्या माणसाने माझ्यासमोर एक कागद ठेवला. ‘सप्लिमेंटसाठी आहे, इथे सही करा.’ मी चष्मा काढून वाचलं नसतं तर सही झालीच होती. माझ्या वतीने विमा कंपनीशी वाटाघाटी करण्याचा आणि क्लेम मिटवण्याचा अधिकार त्यात काँट्रॅक्टरला दिलेला होता. मी सही केली नाही. का, ते पुढे येईल.

हिशेब कसा बसतो?

समजा, घराचं विमासंरक्षण 5,00,000 डॉलरचं आहे आणि वारा-गारपिटीसाठी डिडक्टिबल 2 टक्के. म्हणजे पहिले 10,000 डॉलर तुमचे. कंपनीने नव्या छपराचा खर्च 21,000 धरला आणि घसारा 7,000 कापला. उरले 14,000, त्यातून डिडक्टिबल गेलं, पहिला चेक 4,000 चा. काम झाल्यावर घसाऱ्याचे 7,000 मिळतात. कंपनीचे एकूण 11,000 आणि तुमचे 10,000.

आता पुरवणी मागणी येते. ड्रिप एज 300 फूट, 3 डॉलर दराने 900. चढणीची जादा मजुरी 36 स्क्वेअरवर, 45 डॉलर दराने 1,620. आणि कोडप्रमाणे बदलाव्या लागलेल्या पाच फळ्या, प्रत्येकी 32 चौरस फूट, 3 डॉलर दराने 480. एकूण 3,000. हे दर केवळ हिशेब समजावा म्हणून घेतलेत. तुमच्या भागातले वेगळे असतील.

मागणी मंजूर झाली तर कंपनी 14,000 देईल. तुमचे 10,000 तेवढेच राहतील, कारण डिडक्टिबल एका क्लेमला एकदाच लागतं. आता दुसरी शक्यता पाहा. मागणी नाकारली, तर हे 3,000 कुणी द्यायचे? त्याचं उत्तर पॉलिसीत नसतं, काँट्रॅक्टरशी झालेल्या करारात असतं. कंपनी देईल त्या रकमेत आणि डिडक्टिबलमध्ये काम पुरं करीन, असं काही काँट्रॅक्टर लिहून देतात. काहींच्या करारात न मिळालेली रक्कम घरमालकाकडून घेण्याचं कलम असतं. काम सुरू होण्याआधी हे एक वाक्य शोधा. नसेल तर लिहून घ्या.

कायदा काय म्हणतो?

कोकणात मिरगाआधी घर शाकारायचं, तर गडी आणि घरधनी यांच्यात बोलणं होतं आणि मिटतं. व्यवहार दोघांतला. इथे तो तिघांतला आहे. काम करणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे तो तिसरा. म्हणून कोण कुणाच्या वतीने बोलू शकतो, हे टेक्सासच्या कायद्याने आखून दिलं आहे.

घरमालकाच्या वतीने विमा कंपनीशी क्लेमची वाटाघाटी करणारा माणूस म्हणजे पब्लिक अ‍ॅडजस्टर. त्याला राज्याचा परवाना लागतो आणि त्याचं मानधन क्लेमच्या रकमेच्या 10 टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. ज्या घराचं काम काँट्रॅक्टर करतो आहे, त्याच घराच्या क्लेमसाठी त्याला पब्लिक अ‍ॅडजस्टर म्हणून वागता येत नाही, त्याच्याकडे परवाना असला तरी. हा नियम भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असं म्हणत स्टोनवॉटर रूफिंग या कंपनीने दाद मागितली होती. 7 जून 2024 रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हा कायदा कुणाच्या बोलण्यावर बंधन घालत नाही, व्यवसायातल्या भूमिकेचं नियमन करतो. नियम कायम राहिला.

काँट्रॅक्टरने गप्प बसायचं, असा याचा अर्थ नाही. तो अ‍ॅडजस्टरबरोबर छपरावर चढू शकतो. आपलं इस्टिमेट देऊ शकतो, काय काम लागेल आणि त्याला किती पडतील हे सांगू शकतो, फोटो आणि कोडचा नियम दाखवू शकतो. पण ‘हे तुमच्या पॉलिसीत बसतं, द्यायलाच हवं’ असा तुमच्या वतीने वाद घालणं आणि रकमेवर तडजोड करणं हे त्याचं काम नाही. मी तो कागद परत केला तो यासाठी.

दुसरा नियम डिडक्टिबलचा. 1 सप्टेंबर 2019 पासून टेक्सासमध्ये काँट्रॅक्टरने डिडक्टिबल माफ करणं किंवा तुमच्याऐवजी स्वतः भरणं हा गुन्हा आहे. घसाऱ्याची रक्कम देण्याआधी, डिडक्टिबल भरल्याचा पुरावा कंपनी मागू शकते. तरीही गारपिटीनंतर दारोदार फिरणारे काही जण सांगतात, ‘सप्लिमेंटमधून तुमचं डिडक्टिबल काढून देतो.’ याचा अर्थ न झालेलं काम यादीत घुसवणं. असं बोलणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. टेक्सासमध्ये रूफिंगला राज्याचा परवाना लागत नाही, तेव्हा माणूस पारखण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

तुम्ही काय करायचं?

कंपनीचं इस्टिमेट आणि काँट्रॅक्टरचं इस्टिमेट स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा. एकेका ओळीसमोर खूण करत जा. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, अशा ओळी वेगळ्या कागदावर उतरवा. तीच तुमची पुरवणी मागणी. प्रत्येक ओळीला तीन गोष्टी जोडा : माप, फोटो आणि कारण. उघड दिसणाऱ्या गोष्टींची मागणी काम सुरू होण्याआधीच पाठवा. आत काही सापडलं, तर झाकण्याआधी फोटो घ्या आणि त्याच दिवशी अ‍ॅडजस्टरला कळवा. त्याला पुन्हा येऊन पाहायचं असेल तर संधी द्या.

मागणी काँट्रॅक्टरने तयार केली तरी ती तुमच्या ईमेलवरून, क्लेम नंबर घालून जाऊ द्या. उत्तर लेखी मागा. कंपनीने नाकारलं तर कुठल्या कलमाखाली, तेही लेखी घ्या. कारण पटलं नाही तर टेक्सास डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सकडे तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत. घरावर कर्ज असेल तर चेकवर मॉर्गेज कंपनीचंही नाव असू शकतं. तिच्या सहीला वेळ लागतो, तो धरूनच काँट्रॅक्टरला पैशाची तारीख द्या. आणि घसारा मागण्याची मुदत पॉलिसीत पाहून कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुरवणी मागणीच्या नादात ती उलटून जाता कामा नये.

एवढं करूनही कंपनीचा आणि तुमचा आकडा जुळला नाही, तर पॉलिसीतल्या अप्रेझल या कलमाचा मार्ग उरतो. त्याबद्दल पुढच्या लेखात.

आपल्यातले कितीतरी जण ऑफिसात कोटींचे हिशेब तपासतात आणि स्वतःच्या घराचा दहा पानी कागद न वाचता सही करतात. हे थांबवू या. क्लेमवर नाव तुमचं आहे, हप्ते तुम्ही भरलेत, पावसात त्या छपराखाली तुमचीच मुलं झोपणार आहेत. रास्त मागणी असेल तर ती न संकोचता करा, खोटी असेल तर नाव घालू देऊ नका. आणि दोन्हींतला फरक कळावा म्हणून, सही करण्याआधी एक संध्याकाळ त्या कागदाला द्या.